‘कले’: युगांडातल्या एका एड्स जनजागृती फेरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवते. काही वर्षांपूर्वी काही आठवड्यांसाठी मध्य युगांडातल्या एका मिशन रुग्णालयात गेले होते. काम निरीक्षकाचं. एचआयव्हीच्या बाह्यरुग्ण विभागात बसायचं, गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांचा पाठपुरावा तिथं कसा होतो ते बघायचं आणि परत येऊन आमच्या लोकांना सांगायचं. गावाचं आणि रुग्णालयाचं नाव इथं देत नाही. माणसं ओळखू येतील असे काही तपशीलही बदलले आहेत. चूक मात्र जशी झाली तशीच लिहिली आहे, कारण ती माझी आहे.

जाण्याआधी मी बरंच वाचलं होतं आणि आता वाटतं, घोटाळ्याची सुरुवात तिथूनच झाली. युगांडात हा आजार पहिल्यांदा नजरेत भरला तो १९८२ च्या सुमारास, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या कासेन्सेरो या मासेमारांच्या गावात. माणसं वाळत जाऊन मरत, म्हणून लोक त्याला ‘स्लिम’ म्हणू लागले. शेजारचे देश तोंड मिटून होते, तेव्हा १९८६ मध्ये युगांडाच्या आरोग्यमंत्र्यांनी जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेपुढं उभं राहून आपल्या देशात एड्स आहे असं सांगून टाकलं. रेडिओवर ढोल वाजवून इशारे दिले जात. ‘झिरो ग्रेझिंग’ ही घोषणा त्याच काळातली. खुंट्याला बांधलेल्या गुरानं दाव्याच्या टप्प्यातलंच गवत खावं, एवढा साधा तिचा अर्थ, आणि तो गुराख्याच्या पोरालाही कळे. १९८७ मध्ये नोएरीन कलीबा यांनी एड्सनं नवरा गेल्यानंतर काही सोबत्यांना घेऊन ‘टासो’ ही आधारसंस्था उभी केली. १९८९ मध्ये फिली लुटाया या लोकप्रिय गायकानं आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी मरण्याआधी तो शाळाशाळांतून, चर्चमधून बोलत फिरला.

हे सगळं वाचून मी मनाशी ठरवून टाकलं की इथली माणसं या बाबतीत मोकळी आहेत. आपल्याकडं नवऱ्याचे कागद बायको ट्रंकेच्या तळाशी ठेवते. इथं लोक माइक हातात घेऊन सांगतात. काही जण खरंच सांगतात. आमच्या विभागात ‘एक्स्पर्ट क्लायंट’ म्हणून काम करणाऱ्या चार-पाच बायका होत्या. स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि नव्या रुग्णांना धीर देणाऱ्या. त्यांच्यातली सर्वांत थोरली बाई रांगेत बसलेल्या पन्नास लोकांसमोर आपली गोळ्यांची डबी खुळखुळवून दाखवायची. तिच्यावरून मी अख्ख्या गावाचा अंदाज बांधला.

त्या सकाळी

१ डिसेंबर, जागतिक एड्स दिन. फेरी साडेसातला निघायची होती, निघाली पावणेदहाला, कारण जिल्ह्याचे पाहुणे यायचे होते. शाळेची पोरं उन्हात उभी. आपल्याकडच्या कुठल्याही रॅलीसारखंच चित्र होतं, फरक एवढाच की पुढं पितळी वाद्यांचा बँड होता आणि तो खरोखर चांगला वाजवत होता. लाल मातीचा रस्ता, मागं पिकअपवर दोन कर्णे, दोन्ही बाजूंना थांबलेले बोडाबोडावाले, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाले. पाठीवर लाल फीत छापलेले पांढरे टी-शर्ट फाटकापाशी वाटले जात होते. चांगल्या कापडाचा फुकट टी-शर्ट कोण सोडतो? आजूबाजूची बरीच माणसं तो अंगात घालून फेरीत शिरली. म्हणजे टी-शर्टवरून कोण कोण आहे हे सांगता येत नव्हतं. सांगता येत होतं ते एका फलकावरून. तो आमच्या रुग्णांच्या गटाचा होता आणि ‘एचआयव्हीसह जगणारे आम्ही’ अशा अर्थाची मोठी ओळ त्यावर होती. दोन टोकांना दोन काठ्या, प्रत्येक काठी एकेकीच्या हातात.

त्या सकाळी माझ्यासमोर दोन निर्णय आले. ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला निर्णय माझ्याबद्दलचा होता. मैदानावर तपासणीचा तंबू होता. संयोजकांपैकी एकानं सुचवलं की परदेशी पाहुणीनं सर्वांसमोर तपासणी करून घेतली तर लोकांना हुरूप येईल. कल्पना तिथं नवी नव्हती. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी स्वतः लोकांसमोर तपासणी करून घेतली होती. मी दहा मिनिटं विचार केला. निकाल काय येईल याची भीती नव्हती, तरी तो माइकवरून जाहीर होणं नको वाटलं. आज मी ‘निगेटिव्ह’ म्हणून टाळ्या घेतल्या, तर उद्या ज्याला टाळ्या मिळणार नाहीत त्यानं काय करायचं? शेवटी मी तंबूत जाऊन तपासणी करून घेतली, पण निकाल कुणालाही सांगणार नाही असं आधीच बजावलं. संयोजक थोडे हिरमुसले. मला मात्र आपण फार शहाणपणानं वागलो असं वाटलं.

दुसरा निर्णय फोटोंचा. त्याला दहा सेकंदही दिले नाहीत.

मी एकवीस फोटो काढले. हवेत उडवलेली ट्रम्पेट, पोरांचे धुळीनं लाल झालेले मोजे, कर्ण्यावर बसलेला माणूस. आणि तो फलक. त्याच्या डाव्या काठीला चोविसेक वर्षांची एक मुलगी होती, पायाशी पाण्याचा पिवळा जेरीकॅन, चेहरा थेट माझ्याकडं. तिला मी विचारलं होतं. मोबाइल उंचावून, भुवया वर करून, “फोटो?” ती म्हणाली, “कले.”

लुगांडा भाषेत ‘कले’ म्हणजे बरं, ठीक, असू दे. फोन ठेवताना माणसं तीन-तीनदा ‘कले’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द ‘कळले’सारखा ऐकू येतो आणि पहिल्या आठवड्यापासून मला तो फार आवडायचा.

त्या रात्री सहा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला गेले, तेच सहा रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर. सगळ्यांनी अंगठे दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाचं फेसबुक पान सांभाळणाऱ्या मुलानं त्यातला सर्वांत स्पष्ट फोटो उचलून पानावर टाकला. फलकाचा.

अडचण

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या विभागाच्या सिस्टर माझ्या खोलीवर आल्या. त्या कधी खोलीवर येत नसत. बसल्या, चहा नको म्हणाल्या आणि फोटोतल्या मुलीबद्दल सांगितलं. जानेवारीत तिचं ‘क्वांजुला’ ठरलं होतं. बागांडा लोकांत लग्नाआधी मुलाकडची माणसं मुलीच्या घरी येतात, दोन्ही घराण्यांची रीतसर ओळख होते, भेटवस्तू दिल्या जातात, तो हा समारंभ. मुलाच्या एका नातेवाइकानं रुग्णालयाच्या पानावरचा फोटो पाहिला होता आणि फलकावरची ओळ वाचली होती.

माझं पहिलं वाक्य होतं, “पण मी तिला विचारलं होतं, सिस्टर.”

सिस्टर काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “डॉक्टर, तुमच्याकडं ए.आर.टी. सेंटर आहे ना? तिथं तुम्ही फोटो काढता?”

नाही काढत. आमच्या ए.आर.टी. सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्राच्या, दारावर फोटो काढू नये अशी पाटी आहे आणि ती मीच लावून घेतली आहे. वर्गात मुलांना २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा मी शिकवते. माहितीपूर्ण संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करायची नाही, आणि हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, हे परीक्षेत विचारते. युगांडातही २०१९ पासून व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. तिथला २०१४ चा एचआयव्ही कायदा मात्र दुधारी आहे. त्यात गोपनीयतेची कलमं आहेत, तसंच निकाल जोडीदाराला कळवण्याची डॉक्टरला मुभा आणि जाणूनबुजून संसर्ग केल्यास तुरुंगवासही आहे. अशा ठिकाणी नाव त्या फलकाशी जोडलं जाणं म्हणजे काय, हे कागदावर मला ठाऊक होतं. रस्त्यावर बँड वाजत होता, पाहुणी म्हणून मान होता, आणि दारावरची पाटी घरीच राहिली होती.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात आधी सुचला तो पर्याय सर्वांत वाईट होता. एका कर्मचाऱ्यानं सांगितलं की ती मुलगी गटातली नाहीच, रुग्णालयाच्या हापशावर पाणी न्यायला आली होती, काठी धरणारी बाई क्षणभर बाजूला गेली तेव्हा तिच्या हातात दिली गेली. मग सोपं होतं! पानावर खुलासा टाकायचा: फोटोतली व्यक्ती रुग्ण नाही, गैरसमज नसावा. मी मसुदासुद्धा लिहिला. सिस्टरनी तो वाचला आणि विचारलं, “आणि उजव्या काठीची बाई?” डावी नाही असं लिहिलं की उजवी आहे असं आपोआप लिहिलं जातं. शिवाय डावीबद्दल तरी मला काय माहीत होतं? एका माणसाची ऐकीव गोष्ट. ती खरी नसली तर त्या मुलीला आयुष्यभर माझा खुलासा खरा करून दाखवावा लागला असता.

गुपचूप फोटो काढून टाकणं हा दुसरा पर्याय. ते करायचं होतंच, पण तेवढंच केलं तर तिला काही कळणार नव्हतं आणि पानावरून फोटो का गेला याच्या कहाण्या उठल्या असत्या. चेहरा पुसट करून पुन्हा टाकायचं एकानं सुचवलं. मूळ फोटो लोकांच्या डोळ्यांत असताना पुसट केलेला चेहरा जास्तच बोलतो.

तिच्या घरी जाऊन माफी मागावी असं मला फार वाटत होतं. सिस्टरनी सरळ ‘नाही’ म्हटलं. त्या गावात भारतीय म्हणजे ‘मुयिंदी’. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीननं नव्वद दिवसांत भारतीयांना हाकललं, पुढं त्यातले काही परतले, आणि आज अशा गावात मुयिंदी म्हणजे बहुधा मोठ्या दुकानाचा मालक. माझ्यासारखी बाई त्यांच्या गल्लीत शिरली असती तर शंभर पोरं मागं लागली असती. आणि ती एचआयव्ही विभागातली डॉक्टर आहे हे गल्लीला पाच मिनिटांत कळलं असतं. माझ्या मनाच्या समाधानासाठी तिच्या दारात दुसरा फलक नेऊन रोवल्यासारखं झालं असतं.

पैशांचाही विचार आला, खोटं का बोला. पाकीट तयार करून टेबलावर ठेवलं होतं. थोरल्या एक्स्पर्ट क्लायंटनं ते पाहिलं आणि म्हणाली, “ते ड्रॉवरमध्ये ठेव. नाहीतर तू फोटो विकत घेतलास असं होईल.”

काय केलं

ग्रुपवरचे फोटो सगळ्यांसाठी डिलीट केले. दोन दिवसच झाले होते म्हणून ते जमलं. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप गेलं होतं, म्हणजे तिथं पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि कुणी स्क्रीनशॉट घेतला हेही कळण्यासारखं नव्हतं. ग्रुपवर त्रेसष्ट जण होते. मी एकेकाला फोन केला. कारण एवढंच सांगितलं की फोटो परवानगीशिवाय काढले होते, ते मोबाइलमधूनही काढून टाका. कोणता फोटो, कुणाचा, हे सांगितलं नाही. सहाच्या सहा काढायला सांगितले. या एका गोष्टीबद्दल मला आजही वाटतं की ती बरोबर झाली.

फेसबुकचं पान अडलं. पासवर्ड एकट्या त्या मुलाकडं आणि तो घरच्या कामासाठी कंपालाला गेलेला, फोन बंद. फोटो उतरायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. तोवर सतरा जणांनी तो पुढं पाठवला होता. मूळ पोस्ट गेली की पुढं पाठवलेल्याही दिसेनाशा होतात. उतरवून घेतलेल्या राहतात.

भेट सिस्टरनी ठरवली, तीही मुलीला विचारून. ठिकाण रुग्णालयाची शिवणखोली. गणवेशाची मापं द्यायला गावातल्या बायका तिथं येत-जात असतात, कुणाला काही वाटत नाही. कापडाच्या ढिगाशेजारी एका स्टुलावर ती बसली, मी दुसऱ्यावर. मी माफी मागितली. इंग्रजीतून, मग सिस्टरनी लुगांडातून. तिनं ऐकून घेतलं आणि बोटानं टेबलावरच्या दोऱ्याचं रीळ फिरवत राहिली. मी विचारलं, त्या दिवशी तू नको म्हणाली असतीस तर मी काढला नसता, तुला तसं वाटलं नाही का?

ती म्हणाली, “तुम्ही सिस्टरच्या शेजारी उभ्या होतात. गळ्यात रुग्णालयाचं कार्ड होतं. मी नको म्हटलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, का नको?”

मी बारा वर्षं संमती शिकवते. हे वाक्य माझ्या एकाही स्लाइडवर नव्हतं. त्या फलकाच्या काठीला हात असताना ‘फोटो नको’ म्हणणं हीच एक कबुली ठरते. ‘हो’ म्हटलं तर फोटो पसरतो, ‘नाही’ म्हटलं तर संशय पसरतो, आणि दोन्ही तिच्या घरीच पोचतात. मी तिला प्रश्न विचारला तेव्हाच तिची अडचण केली होती. उत्तर काय आलं ही फार पुढची बाब.

मग तिनं दोन गोष्टी मागितल्या. फोटो कुणाकुणाला गेला त्याची यादी. ती मी नेली होती, तिनं ती वाचली आणि तीन नावांवर नख ठेवलं. दुसरं, “ती तशी नाही असं कुणालाही सांगू नका.” ती पाणी न्यायला आली होती की गटातली होती, हे तिनं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्या तिघांशी सिस्टर बोलल्या. काय बोलल्या ते त्यांनाच ठाऊक.

उठताना ती म्हणाली, “कले.”

निष्पत्ती

क्वांजुला जानेवारीत झाला नाही. घरच्यांनी कारण दिलं शाळेच्या फीचं. फेब्रुवारीत नवं सत्र सुरू होतं आणि धाकट्या भावंडांची फी भरायची होती. ते खरंही असेल. मी जानेवारीच्या अखेरीस परतले. एप्रिलमध्ये सिस्टरचा निरोप आला: “झाला. साधाच केला.” त्याखाली काही नव्हतं. मीही खोदून विचारलं नाही.

रुग्णालयानं फेसबुक पानाचा पासवर्ड तिघांकडं ठेवायला सुरुवात केली. रुग्णांच्या गटानं पुढच्या वर्षी फलकच बदलला. वर नुसतं गावाचं नाव आणि लाल फीत. थोरलीला हा बदल पटला नाही. तिचं म्हणणं, एका फोटोपायी आम्ही मागं सरकलो, तीस वर्षांपूर्वी लोक नावानिशी बोलत होते. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे असं मला वाटतं, आणि माझ्या चुकीचा खर्च तिलाही पडला हे तिनं मला तोंडावर सांगितलं.

जूनमध्ये महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक फोटो आला. मथळा मराठीत: ‘आफ्रिकेतील एड्सग्रस्तांची रॅली’. खाली पिवळा जेरीकॅन. माझ्याच स्टेटसचा स्क्रीनशॉट, वरच्या कोपऱ्यात माझं नाव अर्धवट कापलेलं. पाठवणाऱ्याला फोन केला. त्यानं लगेच काढला, “सॉरी मॅडम” म्हणाला, आणि त्याला तो कुठून आला होता ते आठवत नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट आदल्या दिवशी करायची होती. ३० नोव्हेंबरला गटाची बैठक होती आणि मी तिथं बिस्किटं खात बसले होते. कुणाचा चेहरा चालेल हे तिथं, फेरीच्या आधी, सिस्टरनी लुगांडातून आणि माझ्या गैरहजेरीत विचारायला हवं होतं. चारजणी नक्की हो म्हणाल्या असत्या. थोरली तर पुढं येऊन उभी राहिली असती. उरलेल्यांना ‘नाही’ म्हणावंच लागलं नसतं.

चालायचं की बाजूला उभं राहायचं, याचा मी तेव्हा विचारच केला नव्हता. गटाच्या शेजारी चालत मी त्यांच्यातली झाले असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात बघ्यांच्या नजरा माझ्यामुळं त्या फलकावर खिळत होत्या. बँडच्या मागं, शाळेच्या पोरांत चालले असते तर बरं झालं असतं.

आणि त्या दोन निर्णयांचं कोडं उरतं. तंबूच्या दारात ‘माझा निकाल माझा’ हे मला शिकवावं लागलं नाही. वीस पावलांवर ते दुसऱ्याच्या बाबतीत सुचलं नाही. याला मी थकवा, ऊन, बँड अशी कारणं दिली आहेत, पण ती मलाच पुरेशी वाटत नाहीत. घरी असते तर सुचलं असतं. तिथं मी स्वतःला पाहुणी समजत होते, आणि पाहुण्याला सगळं दाखवायचंच असतं असं मनात कुठंतरी होतं.

आता आमची मुलं १ डिसेंबरची फेरी काढतात तेव्हा मोबाइल विभागात ठेवून जातात. बँड नसतो, घोषणा असतात. पहिल्याच वर्षी एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मग अहवालात फोटो काय लावायचे?” अहवालाच्या नमुन्यात जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेल्या, फोटोंसाठी दोन पानं राखलेली असतात. मी निघण्यापूर्वीचं मैदान, मांडलेल्या खुर्च्या आणि मागून काढलेला फलक असे चार फोटो लावून अहवाल वर पाठवला. आठवड्याभरात परत आला. लाल शाईत शेरा होता: ‘लाभार्थी दिसत नाहीत.’